सोमवारीच भरलेला तक्ता

रहाटणीतल्या घरी बसून मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे, आपलं आपण कसं शिकावं ते सांगते. माझ्याकडे येणारी सगळी कंपनीत राबणारी मोठी माणसं. त्यांनी स्वतःची वेळ स्वतः ठरवावी, केलेल्या सरावाचा तक्ता भरून आठवड्याच्या शेवटी पाठवावा, अडेल तिथे विचारावं, अशी पद्धत. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, पण मला त्याचा भारी अभिमान होता.

त्यात एक जण कुरुळीला खोली घेऊन राहायचा. मूळचा बीडकडचा, चाकणच्या कंपनीत कंत्राटावर. लाइन लीडरच्या जागेसाठी त्याची मुलाखत होणार होती, तीही इंग्रजीत. जमली तर कायम, नाही तर कंत्राट संपलं की घरी. कायम झाल्याशिवाय बायकोला आणि मुलीला इकडे आणणार नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याचा तक्ता सर्वांत आधी यायचा. ऐकणं, बोलणं, उजळणी, प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण. शिफ्ट बदलते, वेळ मिळत नाही, असं बाकीच्यांचं रडगाणं सुरू झालं की मी त्याचा तक्ता ग्रुपवर टाकायचे आणि वर टोमणा मारायचे. त्याला मात्र मी एकदाही इंग्रजीत बोलायला लावलं नाही. ज्याचं नीट चाललंय त्याला कशाला त्रास द्या?

मुलाखत झाली त्या दुपारी त्याचा फोन आला. नाव सांगून झाल्यावरचा प्रश्न त्याला कळलाच नव्हता. त्यांनी तो दोनदा विचारला, मग पाणी दिलं आणि बाहेर बसायला सांगितलं. एवढा सराव करून असं कसं झालं, असं मी जरा चिडूनच विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. तक्ता तो सोमवारीच पूर्ण भरून ठेवायचा. कंपनीत मशीनच्या तपासणीचा कागदही ते शिफ्ट सुरू होतानाच भरून टाकतात. एक रकाना कोरा दिसला तर सुपरवायझर ओरडतो. अभ्यासाला बसायचं रोज मनात असायचं, पण ओव्हरटाइम लागला की राहून जायचं.

मला आधी त्याचा राग आला आणि लगेच माझा. इतके महिने मी नुसत्या खुणांचं कौतुक करत होते.

"अहो, मला एकदा सांगायचं तरी," मी म्हणाले.

"मॅडम, आमच्याकडं लाइनीवर पुढं क्वालिटीवाला असतो. आपलं काही चुकलं तर तो धरतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही बघत असाल."

मी बघत नव्हते, हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. पुन्हा संधी येईल, असं काहीतरी बोलले. तो बरं म्हणाला. कंत्राटी माणसाला तिथे दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.