दोन किर्स्टन आणि बाबांचा चहा

सिंगापूरला जायचं ठरवलं ते मी. बाबांनी फक्त विरोध करायचं सोडून दिलं. मिलिंददादा तिथल्या एका विद्यापीठात संशोधक आहे, वहिनीबरोबर बिशानला राहतो आणि "या ना एकदा" म्हणून फोनवर घसा कोरडा करत असतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बाबांचं जग म्हणजे नागपुरातलं आमचं घर, विहार आणि कोपऱ्यावरची चहाची टपरी. "तिथं जाऊन मी काय करू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा "चहा प्या" एवढंच म्हटलं आणि शाळेला सुट्टी लागल्याबरोबर तिकिटं काढली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना आधीच देते. व्हिसा एजंटकडून बिनबोभाट होतो, पण स्वेटर घ्या. गरम देश म्हणून मी सगळे घरी ठेवून गेले आणि एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, गारठ्यात बाबांसमोर कुडकुडत बसले. बाबा मात्र मफलर गुंडाळून मजेत होते. चांगी विमानतळावरून बिशानला टॅक्सीनं अर्ध्या तासात पोहोचलो. दादाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. बाबांनी गॅलरीतून खाली पाहिलं, समोरच्या इमारतीत बांबूवर वाळत घातलेले कपडे पाहिले आणि "चला, इथंही माणसंच राहतात" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाच्या प्रयोगशाळेतली एमिली जेवायला आली. तिशीची, अमेरिकेतल्या युटाहची, हसरी मुलगी. वहिनींनी आल्याचा चहा आणला. एमिली नम्रपणे नको म्हणाली. बाबा म्हणाले, अर्धा कप तरी. ती पुन्हा नको म्हणाली. बाबांनी आपला कपही खाली ठेवला आणि दादाला हळू आवाजात विचारलं, "काऊन? आपल्या घरचा चहा चालत नाही का तिला?"

आमच्या घरात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाबांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर खुंटीला टांगलेली असे, आणि आमच्याकडे आलेला मोठा माणूस "आत्ताच घेतला" म्हणून चहा टाळत असे. धम्मदीक्षा घेऊन आयुष्य गेलं तरी नाकारलेला कप बाबांना अजून बोचतो. दादा घाईघाईनं म्हणाला, "अहो बाबा, ती मॉर्मन आहे. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य. सख्ख्या आईनं दिला तरी घेणार नाही."

एमिलीला भाषा कळली नाही, पण बाबांचा चेहरा कळला असावा. तिनं पाणी मागितलं. मग वहिनींचं कोकम सरबत दोनदा घेतलं आणि पाटवडीचा रस्सा नाक पुसत पुसत पुन्हा वाढून घेतला. बाबा खुलले. पोस्टात कमावलेल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "हा तुझा धर्म जन्माचा की घेतलेला?"

"माझा जन्माचा," एमिली म्हणाली. "माझ्या खापरपणजीनं घेतला होता."

मग तिनं किर्स्टनची गोष्ट सांगितली. डेन्मार्कमधल्या एका शेतकऱ्याची एकोणीस वर्षांची मुलगी. गावात आलेल्या मॉर्मन प्रचारकांचं बोलणं तिला पटलं आणि हिवाळ्यात ओढ्याच्या गार पाण्यात उभं राहून तिनं नवा धर्म घेतला. वडील गावच्या चर्चमधले मानकरी. त्यांनी तिला फाटकाबाहेर उभं केलं आणि सांगितलं, या नावाची मुलगी या घरात नाही. किर्स्टननं परक्या घरी भांडी घासून प्रवासाचे पैसे जमवले, बोटीनं समुद्र ओलांडला आणि बैलगाड्यांच्या मागून चालत युटाहच्या एका खोऱ्यात पोहोचली. तिथं ती एका सुताराची दुसरी बायको झाली. मी भुवया उंचावल्या. "हो, तेव्हा तसं होतं," एमिलीनं काही न लपवता सांगितलं. मुलंबाळं झाली, गाई झाल्या, शेजारी अर्धे डेन्मार्कचेच होते.

"आणि माहेर?" बाबांनी विचारलं.

एमिलीनं तेही सांगितलं. खोऱ्यातला एक जण पुढे प्रचारासाठी डेन्मार्कला गेला, तेव्हा किर्स्टनच्या गावी जाऊन आला. त्यानं बातमी आणली की ती गेल्यावर घरात आणखी एक मुलगी जन्मली आणि तिचंही नाव किर्स्टन ठेवलं. त्या भागात एक रीत होती. आधीचं मूल मेलं असेल तरच त्याचं नाव पुढच्याला देत. त्या दिवसापासून किर्स्टननं माहेरचं नाव काढलं नाही. एमिलीची आजी लहानपणी तिच्या मांडीवर खेळलेली. ती आजी आता नव्वदीत आहे आणि तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: त्यांनी आमच्या किर्स्टनला खरंच मेलेली धरलं होतं का?

उत्तर देऊ शकेल असा माणूस सिंगापुरातच होता. दुसऱ्या किर्स्टनचा पणतू हेन्रिक, जहाज कंपनीत नोकरीला. एमिलीनं त्याला शोधून काढलं होतं, पण एकदा भेट ठरवून त्यानं रद्द केली होती. मॉर्मन लोक आपल्या मेलेल्या पूर्वजांच्या नावानंही बाप्तिस्मा करतात. ही बाई माझ्या पणजीला तिकडे ओढणार, अशी त्याला धास्ती. "मी तसं काही करणार नाही, शब्द देते, असं कळवलंय," एमिली म्हणाली. "शनिवारी बारा वाजता तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये येतो म्हणालाय. या वेळी तरी यावा."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "माझी बहीण होती, काशी. आम्ही दीक्षा घेतली, देव नदीत सोडले. तिच्या सासरच्यांनी नाही घेतली. मी दिवाळीला न्यायला गेलो, तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. चहासुद्धा विचारला नाही. मग मीही कधी गेलो नाही. आता काशी नाही." हे आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी ते दादाकडे वळून म्हणाले, "शनिवारी मी जातो हिच्यासंगं. मुलीकडून कोणीतरी मोठं माणूस पाहिजे."

मधले दिवस आम्ही फिरलो. बुद्धपौर्णिमेला बिशानच्या मोठ्या मठात गेलो. म्हाताऱ्या चिनी बायका तीन पावलं चालून एकदा दंडवत घालत होत्या. बाबांनी हात जोडून स्वतःशीच बुद्धवंदना म्हटली, आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता त्यांच्या हातात कमळाचं फूल दिलं. तो दिवस त्यांचा फार चांगला गेला.

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून बाबा सगळ्यांच्या आधी तयार. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्याच टपऱ्या. तीन-चार डॉलरमध्ये पोट भरतं. चिकन राईस जरूर खा. तिथला कॅरट केक मागवलात तर मुळ्याचा परतलेला तिखट पदार्थ येईल, तो गोड समजून बाबांना देऊ नका. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. कुणीतरी विसरलं म्हणून बाबांनी ते उचललं आणि मालकाच्या शोधात टपरीटपरीवर फिरले. ती तिथली जागा धरायची पद्धत आहे. ज्या काकूंची जागा होती, त्यांनी बाबांना चांगलंच फैलावर घेतलं आणि मग हसून आपल्याच टेबलावर सरकून जागा दिली.

बारा वाजून गेले. एमिली दर मिनिटाला जिन्याकडे बघत होती. बाबा म्हणाले, "येईल. मोठ्या शहरात उशीर होतो." त्यांच्या आवाजात मात्र खात्री नव्हती.

हेन्रिक आला. उंच, उन्हानं लाल झालेला, अवघडलेला. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. हस्तांदोलन झालं, हवापाण्याचं झालं, बाबांची ओळख "मुलीकडचे" अशी मी करून दिली. मग एमिलीनं आजीचा प्रश्न विचारला. हेन्रिकनं तो ऐकला आणि गोंधळून म्हणाला, "मेलेली? आमच्याकडे तर उलटं सांगतात."

त्याच्या पणजीनं आजीला सांगितलेलं आणि आजीनं त्याला. घरात थोरलीचं नाव घ्यायला वडिलांची बंदी होती. म्हणून आईनं हट्टानं धाकटीला तेच नाव दिलं. रोज तिन्हीसांजेला आई अंगणात उभी राहून मोठ्यानं "किर्स्टन" अशी हाक मारायची. धाकटी तिच्या परकराला धरून तिथंच उभी असायची, तरी हाक थांबायची नाही. "पणजी म्हणायची, आई मला बोलावत नसे, हे मला कळत होतं," हेन्रिक म्हणाला. "तेव्हापासून प्रत्येक पिढीत एका मुलीचं नाव तेच ठेवतो." आणि त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

एमिली रडत होती. मीही रडले, खोटं कशाला सांगू? एमिलीनं मोबाईलवरून युटाहला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण आजी उत्तरासाठी जागीच होती. एमिलीनं सगळं सांगितलं. मग आजीनं फोन त्या छोटीला द्यायला सांगितला. फोनचा स्पीकर चालू असल्यानं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: म्हातारा, कापरा आवाज, एकच शब्द, "किर्स्टन?"

सिंगापूरच्या शाळेत वाढलेली ती मुलगी खाता खाता तिथल्या बोलीतलं शेपूट लावून म्हणाली, "येस, आय ॲम हिअर, लाह."

नागपूरला परतून आठवडा झाला. सिंगापूरचं काय राहिलं म्हणाल, तर स्वच्छ रस्ते आणि उंच इमारती फोटोंत राहिल्या. माझ्या मनात ती अंगणातली आई राहिली. आणि बाबांच्या मनात काय होतं, ते काल कळलं. त्यांनी कुणाकुणाकडे विचारून काशीआत्याच्या मुलाचा नंबर मिळवला होता. मला लावून द्यायला सांगितला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"मी नागपूरहून बोलतो," ते म्हणाले. "ओळखशील का, माहीत नाही. मी तुझा मामा."

मीही रिसीव्हरला कान लावला. मला वाटलं, फोन ठेवला. मग आवाज आला, "आईला एकच भाऊ होता. न ओळखायला काय झालं? बोला, मामा."

बाबा पुष्कळ वेळ बोलले. रिसीव्हर ठेवला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी जायचं आहे. त्यानं चहाला बोलावलं."