पाय धुण्याआधी पाय धुऊन आण

"तुझ्या आईचे पाय धुऊन आण आधी. साहेब पाय धुणार आहेत तिचे."

पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, हे वाक्य माझ्याशी बोलल्या आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी "हो बाई" म्हटलं आणि आयेला दंडाला धरून चर्चच्या मागच्या नळावर घेऊन गेले.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा गुरुवार होता. त्या दिवशी येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या मंडळीत पाळकसाहेब दरवर्षी बारा माणसांचे पाय धुतात. आमचं चर्च आटगावपासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथून थोडं पुढे आहे. त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या मंडळीचे पाहुणे कॅमेरा घेऊन येणार होते. पाहुण्यांना आदिवासी पाय हवे होते. तसं कोणी तोंडाने म्हटलं नाही. पण बारापैकी सहा जण आमच्या कातकरवाडीतले निवडले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी आमच्या वाडीचं नाव फक्त झाडलोटीच्या यादीत असायचं.

त्या सहांत माझी आय होती. आठ दिवस ती वाडीभर सांगत फिरत होती, "मना खुर्चीवर बसवनार हायत." आजवर तिला कोणी खुर्चीवर बसवलं नव्हतं.

ती वीटभट्टीवर गारा तुडवायचं काम करायची. गारा म्हणजे विटांचा चिखल. माती, भाताचा तूस आणि पाणी, सगळं पायांनी मळायचं, उजाडल्यापासून. टाचांच्या भेगांत ती माती कायमची जाऊन बसली होती. गुरुवारी तिने अंग धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. पाय मात्र तसेच ठेवले. तिथे धुणारच आहेत ना, मग घरून कशाला धुऊन जायचं? तिचा हिशेब अगदी बरोबर होता.

पाळकीणबाईंनी तिच्या पायांकडे बघून नाकाला रुमाल लावला. "हे असे पाय साहेबांच्या हातात द्यायचे? आणि फोटोत?"

नळावर मी आधी कपड्यांचा साबण लावला. मग भांड्यांची पावडर. मग काथ्या घेऊन घासलं. भेगांतली लाल माती निघेना. मी आणखी जोर लावला. मला लाज वाटत होती. लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. लाज आयेच्या पायांची वाटत होती. त्या बाईच्या बोलण्याची वाटली नाही. दहा वर्षांत त्यांनी मला इतकं नीट घडवलं होतं.

उजव्या टाचेतून रक्त आलं. आय ओरडली नाही. डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ती शांत बसली होती. मी नळ बंद केला आणि माझ्या ओढणीने तिचे पाय पुसले. तिने डोळे उघडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"झाला? आता आमेन बोलायचा ना?"

तिला वाटलं होतं, हाच तो विधी.

मला हसू आलं. "नाय गो आये. हा आधीचा. खरा तो आत हाय."

"मंग तू धुतलंस त्या काय खोटा?" ती म्हणाली. "धुतलेलं पाय परत कशाला धुवायचं?"

मी "चल लवकर" एवढंच म्हटलं.

आता माझं काय काम होतं तेही सांगते. मी त्या मंडळीची सेविका. कागदावर तसं कुठे नाही. चर्च झाडायचं, सतरंज्या टाकायच्या, पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा, आजाऱ्याकडे बसायचं, मयतीला जायचं. आणि पाळकसाहेबांना म्हणतात देवाचे सेवक. सेवक आले की सगळी मंडळी उभी राहते. सेवकांना खुर्ची. सेवकांकडे पंख्याचं तोंड. कोंबडीची तंगडी सेवकांच्या ताटात. गेटवर फ्लेक्स लावलेला, 'प्रभूचे नम्र सेवक', आणि खाली सुटातले साहेब कमरेपर्यंत. येशू त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचा.

मी दहावी पास आहे. सेवक शब्दाचा अर्थ मला कळतो. पण आमच्या चर्चमध्ये जो सेवा करतो त्याला सेवक म्हणत नाहीत. त्याला 'ए' म्हणतात. उपासनेत साहेब मला 'प्रिय भगिनी' म्हणायचे. आमेन झालं की, "ए, खुर्च्या उचल."

मुरबाडच्या बाजूलाही त्यांच्या दोनचार मंडळ्या होत्या. एकदा सिद्धगडाच्या अंगाला एका वाडीत एक म्हातारा वारला. साहेबांची गाडी तिथवर जात नाही. "तू जा," म्हणाले. मी एसटीने मुरबाडला गेले, पुढे जीपने, पुढे चढ पायी. खड्डा खणायला हात लावला, प्रार्थना केली, त्याच्या म्हातारीजवळ रात्रभर राहिले. रविवारी साहेब व्यासपीठावरून सांगत होते, "आम्ही सिद्धगडाच्या कुशीत जाऊन अश्रू पुसले." सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. मीही म्हटलं. काय करणार, तोंडाला सवय.

एकदा मात्र हिंमत केली. मंडळीचा कारभार बघणारे पंच असतात. निम्मी मंडळी आमच्या वाडीची, पण पंच एकही नाही. मी साहेबांना म्हटलं, एक तरी पंच वाडीतला घ्या. ते हसले. "तुझ्यात नम्रता कमी आहे," म्हणाले. "ती आधी शीक."

नम्रता! गावच्या पाटलापुढे आम्ही वाकलो. भट्टीमालकापुढे वाकलो. जंगलात मोळी धरली तर फॉरेस्टच्या गार्डापुढे वाकलो. आमच्या माना वर व्हायच्या म्हणून तर आम्ही येशूकडे आलो. आणि हे चार पिढ्यांचे ख्रिस्ती, मूळची आपली जात कोणती हे कोणी न विचारता सांगणारे, आम्हाला नम्रता शिकवणार! ज्याची मान ताठ आहे त्याला शिकवा की. घरात आरसा असेलच.

पण तेव्हा मी हे बोलले नाही. मान खाली घालून बाहेर आले आणि खुर्च्या उचलल्या.

तर गुरुवार. आत बारा खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर पांढरी कापडं. आय तिसऱ्या खुर्चीवर बसली. अगदी कडेवर, अर्धीच. हात मांडीवर. पाहुणे समोर बसले होते. पाळकीणबाई शेवटचं बघायला रांगेवरून फिरल्या आणि आयेपाशी थांबल्या. टाचेला अजून थोडं रक्त होतं.

"हिला नको. टॉवेलला डाग पडतील."

आणि दंडाला धरून तिला उठवलं. सगळ्यांसमोर. तिच्या जागी शहापूरच्या एका मास्तरांची बायको बसली. तिच्या पायांना नेलपॉलिश होतं.

 आय मागे येऊन सतरंजीवर बसली आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मी पाहिलं ते. माझी आय कधी पाय लपवत नाही. बाजारात, दवाखान्यात, कुठेच नाही. ते पाय तिने लपवले, देवाच्या घरात, आणि ते लपवायला मी तिला लावलं.  

मग साहेब आले. सुटाचा कोट काढून कमरेला टॉवेल गुंडाळला. परातीत कोमट पाणी, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. गुडघ्याखाली उशी. प्रत्येकाच्या पायावर ओंजळभर पाणी सोडायचं, टॉवेल टेकवायचा, पुढे सरकायचं. फोटोवाला म्हणायचा, "सर, इकडे." सर तिकडे बघायचे. ज्याचे पाय हातात आहेत त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. एकाचे पाय दोनदा धुतले, कारण पहिला फोटो हलला होता.

शेवटी साहेबांनी माईक घेतला. "आता आपली प्रिय भगिनी साक्ष देईल."

साक्ष म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. माझी साक्ष ठरलेली होती. पाहुणे आले की मी तीच द्यायची. आम्ही अंधारात होतो. उंदीर खायचो. माझी आय दारू प्यायची, मला मारायची. मग साहेब आमच्या वाडीत आले आणि उजेड पडला. यातलं दारूचं साहेबांनी घातलेलं. माझ्या आयेने दारूला कधी तोंड लावलं नाही. मी तसं सांगितलंही होतं. "थोडं असं असलं की मनाला भिडतं," ते म्हणाले होते. आणि दर वेळी मी बोलत असताना आय मागे सतरंजीवर बसून ऐकायची. सगळ्यांबरोबर आमेन म्हणायची.

मी माईक घेतला.

"माझी आय दारू पीत नाय," मी म्हटलं. "कधीच प्यायली नाय. मी आजवर खोटं बोलले. मला तसं बोलायला लावलं."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांना वाटलं असेल, मी अडखळले.

"आज इथे तिचे पाय धुणार होते. आधी मला सांगितलं, पाय धुऊन आण. मी मागच्या नळावर धुतले. घासून घासून रक्त काढलं. तरी तिला उठवलं, कारण टॉवेलला डाग पडतो. या भिंतीच्या विटा आमच्या भट्टीवरच्या आहेत. त्यांचा गारा त्याच पायांनी तुडवलाय. भिंत तुम्हाला चालते, पाय चालत नाय. येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगितलं होतं का, आधी पाय धुऊन ये म्हणून?"

माईक बंद झाला. कोणीतरी ओरडलं, "गीत सुरू करा, गीत!" पेटी वाजायला लागली. मला लहानपणापासून भट्टीवर या टोकापासून त्या टोकाला हाका मारायची सवय आहे. मी तशीच बोलले. "आम्हाला नम्रता शिकवू नका. आमचं वाकून झालं. आता तुमची पाळी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाडीतल्या बायकासुद्धा खाली बघत राहिल्या. मुंबईची एक बाई रडत माझ्याकडे आली, हात पसरून. मागून फोटोवालाही आला. मी बाजूला झाले. आयेला उठवलं आणि घरी आणलं.

पुढच्या रविवारी पंचांचं पत्र आलं. 'उपासनेत व्यत्यय, सेवकाचा अवमान, नम्रतेचा अभाव.' लेखी माफी देईपर्यंत आम्हा दोघींना प्रभुभोजन बंद. महिन्यातून एकदा मंडळी एका भाकरीतले तुकडे खाते, एकाच पेल्यातला द्राक्षारस घोटघोट पिते, ते प्रभुभोजन. गावच्या हॉटेलात आयेला अर्धं आयुष्य चहा वेगळ्या कपात मिळाला. इथे पहिल्यांदा तिने सगळ्यांच्या पेल्याला ओठ लावले. त्या एका पेल्यासाठी ती ख्रिस्ती झाली, असं म्हटलं तरी चालेल. साहेबांना हे माहीत होतं. बरोबर तिथेच त्यांनी हात घातला.

वर निरोप पाठवला. "दोन ओळी लिहून दे. आईसाठी तरी दे."

आईसाठी! मी खरंच कागद घेऊन बसले. माझं काय, मी सोसलं असतं. पण तिचा पेला माझ्यामुळे तुटत होता. 'माझ्याकडून चूक झाली' एवढं लिहूनही झालं होतं. आय चुलीपाशी होती.

"काय लिवतेस?"

मी सांगितलं. तिने भाकरी उलटली, शेकली, खाली काढली.

"तू मना दारूडी बोलायचीस तवा मी आमेन बोलली," ती म्हणाली. "दर वेळी बोलली. तुजा नाव व्हतंय, म्हनून बोलली. आता तू खरा बोललीस तं माफी मांगायची? फाड तो कागद."

"आये, भाकर नाय देनार ते."

"ती काय त्यांच्या घरची हाय?"

मी कागद फाडला. मग आयेच्या पायांशी बसून रडले. तिला नळावरच्या गोष्टीची माफी मागितली. तिने ती दिली की नाही, मला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, जेव.

साहेब, हे तुमच्यासाठी लिहितेय. माफी मिळणार नाही. दोन ओळी नाही, अर्धी नाही. तुम्हाला वाटतंय आम्ही कंटाळून जाऊ, दुसरं चर्च बघू, नाहीतर घरी बसू. आम्ही कुठेही जाणार नाही. सतरंजी मी आता टाकत नाही. दर रविवारी आम्ही दोघी पहिल्या बाकावर, पंचांच्या बाकावर बसतो. प्रभुभोजनाचं तबक तुम्ही आमच्या डोक्यावरून पुढे देता. आय मान वर करून तुमच्या तोंडाकडे बघते आणि तुम्ही वचन वाचताना चुकता. पंचांची निवड होईल तेव्हा मी उभी राहणार आहे. वाडीतल्या बायकांशी बोलतेय, एकेकीच्या घरी जाऊन. त्या आता खाली बघत नाहीत.

बाक लाकडाचा आहे, आम्ही दोघी त्यावर बसलो आहोत. कोणी उठवून दाखवावं.