परकराच्या नाडीखाली

माझ्या आतेनणंदेइतकी लाजाळू आणि माझ्या आतेनणंदेइतकी निर्लज्ज बाई सबंध इंग्लंडात सापडायची नाही, आणि या दोन्ही बायका एकच असल्यामुळे त्यांच्याशी वागताना माणसाची फार त्रेधा उडते. जीपीने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांनी, ब्लडप्रेशर बघायला बाही वर करा म्हटलं की ताई आधी दाराकडे बघतात, मग खिडकीकडे, मग विचारतात, ‘कार्डिगनवरून नाही का होणार?’ आणि ह्याच ताईंनी, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, आमची ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर मला आपल्या सिझेरियनची हकिगत पहिल्या कळेपासून सांगितली होती. बाळाचे ठोके कसे मंदावले, धावपळ कशी झाली, भूल उतरल्यावर कुशीवर वळताना ब्रह्मांड कसं आठवलं, सगळं. मी तेव्हा नवी नवरी, स्टॅनमोरला येऊन चार दिवस झालेले. हातातला मोदक तसाच राहिला, आणि पुढे बरेच महिने मुलाबाळांचा विषय निघाला की मी चहा टाकायला आत जात असे.

ताईंची गुपित राखायची पद्धतही त्यांचीच. गुपित चारचौघांत फोडायचं नाही. चारचौघांना एकेक करून बाजूला घ्यायचं. ‘फक्त तुला सांगतेय हं,’ असं म्हणत त्या हात दाबतात, आणि समोरच्या बाईला आपण कुणीतरी खास असल्यासारखं वाटतं. अशा खास बाया स्लाऊपासून क्रॉयडनपर्यंत पसरलेल्या आहेत. प्रत्येकीने शपथ घेतलेली असल्यामुळे कुणी कुणापाशी बोलत नाही, आणि गुपित सगळ्यांना ठाऊक असूनही कुठे फुटत नाही. मला तर ही पद्धत सरकारी खात्यांनीसुद्धा उचलावी अशी वाटते.

पोटापाण्यासाठी ताई सॉफ्टवेअर टेस्टिंग करत. घर बेसिंगस्टोकला, ऑफिस लंडनला. दुसऱ्याने केलेलं काम कुठे मोडतं ते शोधायचा पगार घ्यायचा आणि घरी येऊन तेच फुकट करायचं, असा त्यांचा दिनक्रम. सोफा घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. त्या सोफ्यावर बसल्या, आडव्या झाल्या, मांडी घालून बसल्या, आणि मग सेल्समनला शेजारी बसवून म्हणाल्या, ‘आता तुम्ही क्रिकेट बघताय आणि भारत हरतोय, असं समजा.’ तो बिचारा इंग्रज बाहेरून शांत पण आतून हादरलेल्या माणसासारखा बसून राहिला. ताईंनी हात लावून बघितलं, सोफा हलत नव्हता. तोच घेतला.

अशा ह्या ताईंना स्वतःचं पोट मात्र कधी दुरुस्त करता आलं नाही. बाकी अंगाने शिडशिडीत. पण सिझेरियनची रेघ आत ओढलेली आणि तिच्यावर कातडीची एक सैल झोळी. उन्हाळ्यात त्या घडीत घाम धरायचा, पुरळ उठायचं, कंबर तर बारा महिने दुखायची. योगा झाला, जिम झालं, पोट जागचं हललं नाही. सकाळच्या वॉटर्लूच्या गाडीत लोक उठून त्यांना जागा देत. सुरुवातीला ताई ‘नाही, तसं काही नाही,’ म्हणत. मग उभं राहून कंबर मोडायला लागली तेव्हा नुसतं ‘थँक्यू’ म्हणून बसायला लागल्या. एक टाय लावलेले गृहस्थ तर रोज त्यांची वाट बघत. पण वर्ष उलटलं आणि ते गृहस्थ काळजीच्या सुरात म्हणाले, ‘आता फारच दिवस वर गेलेत, डॉक्टर काय म्हणतात?’ दुसऱ्या दिवसापासून ताईंनी आधीची गाडी धरली आणि सर्जनची चौकशी सुरू केली.

इथे एक अडचण होती, आणि ती साधीसुधी नव्हती. आईला हे कळता कामा नये. ताईंची आई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, पुण्याला असत. लेकीच्या बाळंतपणाला त्यांना यायचं होतं, पण घरात सासू अंथरुणाला खिळलेली, येणार कशा? ताई बाळाला घेऊन एकट्याच हॉस्पिटलातून घरी आल्या. पोट बांधायला कुणी नाही, शेकायला कुणी नाही. शेजारच्या म्हातारीने टोस्ट आणि बीन्स आणून दिले ते खाल्ले. तेव्हापासून आत्यांनी मनाशी धरलेलं: मी नव्हते म्हणून पोरीचं पोट बांधलं गेलं नाही, आणि बांधलं नाही म्हणून सुटलं. ताई पुण्याला गेल्या की आत्या त्यांच्या पोटाकडे एकदा बघत आणि लगेच स्वयंपाकघरात जात. ‘आता मी ते कापून घेतेय म्हटलं तर ती काय समजेल सांग,’ ताई मला म्हणाल्या. ‘तिला वाटेल, तिचंच निस्तरतेय. ते नको गं.’

ताईंच्या मिस्टरांना ऑपरेशन हा शब्द ऐकूनच घेरी येत असल्यामुळे सर्जनकडे बरोबर मी गेले. क्लिनिकने कळवलं होतं, नेहमी वापरता ती अंतर्वस्त्रं किंवा पोहण्याचा पोशाख घेऊन या, म्हणजे व्रण त्याच्या आत बसवता येईल. ताईंनी पिशवीतून एक परकर काढला, एक सलवार काढली आणि ऑफिसची पँट काढली. मग क्लिनिकच्या गाऊनवरूनच परकर नेसून त्यांनी नाडीला गाठ मारली.

सर्जन उंच, हळू बोलणारे, साठीच्या आसपासचे. ते म्हणाले, ‘साधारणपणे आम्ही बिकिनीच्या आत लपवतो.’

‘आमच्या घरात बिकिनी कुणी नेसलेली नाही,’ ताई म्हणाल्या.

‘मग व्रण लपवायचा तरी कुणापासून?’

‘ह्या नाडीपासून. ही रोज घासणार.’

आणि ताई क्लिनिकच्या कार्पेटवर मांडी घालून बसल्या. सत्यनारायणाला दोन-दोन तास असं बसावं लागतं, तेव्हा नाडी पोटात कुठे रुतते ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग वाकून दाखवलं, मग खाली बसून भाजी निवडून दाखवली, भाजी नव्हती तरी. सर्जन गुडघ्यावर बसून हे सगळं मन लावून बघत होते. शेवटी त्यांनी नीट समजावून सांगितलं: नवा व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणार, म्हणजे सिझेरियनच्यापेक्षा बराच लांब, पण तो जितका खाली घेता येईल तितका घेऊ, कारण कातडी ताणली की व्रण पुढे थोडा वर सरकतो. नाडीच्या चार बोटं खाली धरला तर घासणार नाही. बेंबीला नवी जागा करावी लागेल. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, ते आतून शिवू.

‘आणि जुना व्रण?’ ताईंनी विचारलं.

‘तो काढलेल्या कातडीबरोबर जाईल. खूणही राहणार नाही.’

मला वाटलं, ताई खूश होतील. पण त्या नुसत्या परकराची गाठ सोडत बसल्या.

पुढचे काही आठवडे ताईंच्या व्रणाची जागा हा दक्षिण इंग्लंडातल्या मराठी समाजाचा गुप्त विषय होता. ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन मत विचारलं. क्रॉयडनच्या बाईंचं म्हणणं, बेंबीपाशीच घे, साडीखाली झाकलं जातं. स्लाऊची म्हणाली, लांब कशाला, अर्धाच कर म्हणावं. मंडळाच्या कोजागरीला दूध आटत असताना पाच-सहा बायका पाठोपाठ आपापल्या नाडीवर बोट ठेवून काहीतरी अजमावताना मी स्वतः पाहिल्या आणि कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

आईला ताईंनी फोनवर हर्निया सांगितला. इथे चुकलं. मराठी आईला लेकीच्या पोटाचं ऑपरेशन आहे आणि सहा आठवडे वजन उचलायचं नाही, एवढं सांगितलं की पुढे काय होणार हे टेस्टिंगवाल्या बाईला कळायला हवं होतं. आता आत्यांची सासू नव्हती, नवराही नव्हता. उभ्या जन्मात घाटाखाली फारशा न उतरलेल्या आत्या एकट्या विमानात बसून हीथ्रोला हजर. बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, आणि पोट बांधायला स्वतःच्या दोन जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. त्या सिझेरियनची नात, आता ए-लेव्हलला म्हणजे इथल्या बारावीला बसलेली, म्हणाली, ‘आजी, तू माझा रूम घे, मी सोफ्यावर झोपते.’ आत्यांनी तिच्याकडे, तिच्या उंचीकडे बघितलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

ऑपरेशन सकाळी पहिलंच होतं, म्हणून सर्जनांनी आदल्या दुपारी ताईंना उभं करून पोटावर जांभळ्या शाईने खुणा करून दिल्या आणि पुसू नका म्हणून बजावलं. घरी आल्यावर ताई बेडरूममध्ये आरशासमोर परकर धरून रेघ नाडीच्या चार बोटं खाली आहे की नाही ते पुन्हा तपासत होत्या, आणि मी मागे टेप घेऊन उभी होते. तेवढ्यात आत्या आल्या. दार वाजवायची त्यांना सवय नव्हती.

त्यांनी रेघा बघितल्या. ‘हे हर्नियाचं नाही,’ त्या म्हणाल्या.

‘पोट आत घेणार आहेत, आई,’ ताई म्हणाल्या. ‘कातडी काढणार.’

एवढी वर्षं ताईंना जे वाक्य ऐकायची भीती होती ते आता येणार, असं मला वाटलं. पण आत्या चष्मा लावून खाली वाकल्या. जांभळ्या रेघा तशाच सोडून त्यांनी कातडीची घडी दोन बोटांनी वर केली आणि जुन्या व्रणावर बोट ठेवलं.

‘हा तेव्हाचा?’

‘हो.’

‘एवढाच?’

‘एवढाच.’

‘मी इतकी वर्षं इथपासून इथपर्यंत धरून चालले होते,’ असं म्हणून आत्यांनी स्वतःच्या छातीखालून ओटीपोटापर्यंत हात नेऊन दाखवला. मग तसंच वाकलेलं असताना विचारलं, ‘फार दुखलं होतं का गं?’

‘छे गं. कळलंसुद्धा नाही,’ ताई म्हणाल्या. ‘तू उगाच काळजी करत बसलीस.’

मी टेप गुंडाळायला लागले. आत्यांनी व्रणावर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि म्हणाल्या, ‘उद्या हा जाणार ना? बरं झालं, मी आधी आले.’

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दिवस बेसिंगस्टोकच्या त्या घरात जे चाललं त्याला शुश्रूषा म्हणणं चुकीचं होईल. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली. जेवण झालं की मूठभर शेपा. हॉस्पिटलने पोटाला दिलेला इलॅस्टिकचा पट्टा नर्सने सांगितला तसा, पण रोज आत्याच स्वतःच्या हाताने बांधत. साड्यांना नर्सने परवानगी दिली नाही म्हणून त्या उशाखाली घातल्या. ओव्याची धुरी दिली तेव्हा स्मोक अलार्म वाजला आणि शेजारचे गृहस्थ बागेची नळी घेऊन आले. ‘आई, मला बाळ झालेलं नाही,’ ताई वाकून चालत चालत सांगत. ‘टाके पडलेत ना? मग पडून राहा गुपचूप,’ आत्या म्हणत. आणि जन्मात कुणाचं न ऐकलेल्या ताई पडून राहत, वाटीतली खीर संपवत, पाय दाबून घेत. व्रण आज नाडीच्या चार बोटं खाली आहे, बारीक आणि फिका, आणि खास बायकांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला आहे.

आत्या निघाल्या तेव्हा आम्ही सगळे हीथ्रोला गेलो. चेक-इनच्या रांगेत त्यांच्या पुढे कोल्हापूरकडच्या एक आजी होत्या. मराठी ऐकून त्या वळल्या आणि विचारलं, ‘लेकीकडं आला होता?’

‘हो,’ आत्या म्हणाल्या. ‘बाळंतपणाला.’

ताई शेजारीच होत्या. नात ट्रॉली ढकलत होती, आजीपेक्षा वीतभर उंच.

‘काय झालं?’

‘मुलगी,’ आत्या म्हणाल्या. ‘बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत.’