टेमघरला चहा मिळाला नाही

साताऱ्याहून निघताना वज्रेश्वरीचं दर्शन घ्यायचं आणि अकलोलीची गरम पाण्याची कुंडं पाहायची, एवढंच मनात होतं. भिवंडीला एस.टी.तून उतरले आणि यंत्रमागांच्या खडखडाटात माझाच आवाज मला ऐकू येईना. मुक्काम गावालगतच्या टेमघरला, मावसबहीण कुसुमकडे.

दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण हिराबाई आम्हाला अकलोलीला घेऊन गेली. कुंडात पाय बुडवताच चटका बसला. हिराबाई वाफेकडे बघत म्हणाली, "देवीचं पानी फुकट तापतंय. आमच्या घरात सकालचा भात थंडच खातात पोरं."

घासलेट (रॉकेल) इतकं महागलं होतं की तिचा स्टोव्ह फक्त संध्याकाळी पेटायचा. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. तिचा नवरा गजानन ज्या कारखान्यात माग चालवायचा, तिथल्या शेठनं कामगारांना बजावलं होतं, घरातली सगळी मतं आपल्याच उमेदवाराला पडली पाहिजेत.

आम्ही परतलो, तर तो उमेदवार जीपमधून दारोदार फिरत होता. हिराबाईच्या ओट्यावर बसून त्यानं मोठ्या प्रेमानं चहा मागितला. तिनं स्टोव्ह आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"चहा देते, साहेब. तेवढा तुमी पेटवा."

त्यानं हलवून पाहिला. टाकी कोरडी होती.

"बाई, सगळ्या जगातच तेल महागलंय," तो हसत म्हणाला.

"जगाचं मत न्हाय मागत तुमी. माजं मागताय."

जमलेल्या बायका हसल्या. तो चहाविनाच उठला.

जीप गेल्यावर गजानन घाबऱ्या आवाजात म्हणाला, "शेठनं कामावरून काडलं तं?"

"दुसरा माग बगा. मत माजं हाय."

शेठनं त्याला काढलं नाही, पण रात्रपाळीला टाकलं. हिराबाई म्हणाली, "बरं झालं. दिवसा घरी असतील, पानी भरतील."

कुसुमच्या आग्रहानं माझा मुक्काम लांबला होता. मतदानाच्या दिवशी हिराबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन पुढे निघाली. गजानन झोपमोड करून मागोमाग गेला. मत देऊन दोघं बाहेर आल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "शिक्का कुठं मारलात?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. "तिनं न्हाय सांगितलं, मी बी न्हाय सांगत." दोघंही हसले.

तो उमेदवार निवडून आला, पण टेमघरच्या त्या गल्लीत आभार मानायला काही फिरकला नाही.

मी साताऱ्याला परतले. आमच्या नगरपालिकेचं मतदान अजून व्हायचं होतं. जेवताना यजमानांनी नेहमीप्रमाणे कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगितलं. इतकी वर्षं मी मान डोलावत आले होते.

"मी अजून ठरवलं नाही," मी म्हणाले, आणि त्यांच्या पानात भात वाढला.