मेंटेनन्स आबा आणि ‘नो सिग्नल’

बंद पडलेल्या वस्तूला आमचे सासरे पहिली पाच मिनिटं हात लावत नसत. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो की शेजाऱ्यांची स्कूटर, आबा दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभे राहायचे आणि नुसते बघत राहायचे. मी या घरात नवीन होते तेव्हा मला वाटायचं, यांना काही येत नाही आणि हे वेळ काढतायत. एकदा माझी इस्त्री बंद पडली. तिच्यापुढेही ते तसेच उभे राहिले. मी वैतागून म्हटलं, "आबा, वायर तरी हलवून बघा ना." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बघतोय की. हातानंच बघायचं असतंय व्हय?" इस्त्री चांगलीच होती, भिंतीवरचं सॉकेट जळालं होतं. मी जी वायर हलवायला सांगत होते तिच्याच दुसऱ्या टोकाला ते होतं, एवढंच.

मूळचे ते देवळाली प्रवऱ्याचे. थोरले दीर अजून तिथं ऊस बघतात. आबा मात्र विशीत नगरला आले, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नंतर आमची कॉलनी हाच त्यांचा कारखाना झाला. बायका दारातूनच हाक मारायच्या, "मेंटेनन्स आबा, आमचा फ्रीज गार करीना बघा." आबा पायात चपला सरकवून निघायचे आणि तासाभराने दोन घरचा चहा पिऊन परत यायचे. मग आमच्या घरचा चहा कोण पिणार, यावरून माझी चिडचिड व्हायची.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "बिघडायच्या आदी काय बदललं?" हा प्रश्न ते मोटरीला लावायचे, माणसांच्या पोटदुखीला लावायचे आणि माझ्या आमटीलाही लावायचे. एकदा आमटी पानात घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "आज काय बदललं?" मी म्हटलं, काही नाही. "मंग ही अशी कशी झाली?" मी ठामपणे सांगितलं की काही बदललेलं नाही, आणि जेवण संपता संपता मला आठवलं की चिंच संपली म्हणून मी आमसुलं टाकली होती. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी परत विचारलंही नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारातून चिंच आली.

कारखान्यातली आणखी एक सवय त्यांनी घरी आणली होती, ती म्हणजे बिघाडांचं रजिस्टर. लांबलचक जाड वही, तिला चार रकाने: तारीख, वस्तू, काय झालं आणि कारण. पहिले तीन रकाने कुणालाही भरता येतात, खरं काम चौथ्यात असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "आमच्या कंपनीत समदी पोरं एकच ल्याहायची, मटेरियल खराब. मटेरियलला त्वांड न्हाई ना, मंग घाला त्याच्यावर. कारन खोटं लिवलं की तोच बिघाड परत येतोय." एकदा त्या वहीत मला माझं नाव सापडलं. गिझर, बटण जळाले, कारण: सूनबाईने ओल्या हाताने दाबले. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम वही उघडून पाहिली, तर ओळ तशीच होती, फक्त पुढे कंसात बारीक अक्षरात भर पडली होती: बाळ रडत होतं, घाईत होती.

आता माझ्या कॉम्प्युटरबद्दल सांगते. तो मी स्वतः जोडलेला. लग्नाआधी मी एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करायचे, तेव्हा एकेक पार्ट आणून बांधलेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि सहा वर्षं त्याच्यावर आम्ही फक्त वीजबिलं भरली आणि फोटो पाहिले. मग पुण्याची एक कंपनी घरबसल्या एडिटिंग करणाऱ्यांच्या शोधात आहे असं कळलं. मी अर्ज केला. त्यांनी शेतीवरच्या एका फिल्मचं कच्चं चित्रीकरण पाठवलं आणि सांगितलं, सोमवारी दुपारी बारापर्यंत कापून, जोडून द्या, मग ठरवू. माझ्या जुन्या मशीनला ते चित्रीकरण नुसतं उघडतानाच घाम फुटला. मी नवी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि मोठा पॉवर सप्लाय मागवला. संदीप, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, दुकानात देऊन बसवून घे. मी म्हटलं, माझं मशीन मीच बसवणार. सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. ही संधी हुकली असती तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, आणि मीही पुन्हा अर्ज केला नसता.

पार्ट गुरुवारी आले आणि शुक्रवारी दसरा होता. सासूबाई गेल्यापासून देवपूजा आबांकडेच होती. दसऱ्याला ते पहाटेच अंघोळ करून देवघरासमोर पाट मांडायचे आणि त्यावर आपले नट आवळायचे पाने, हातोडी, मापाचं व्हर्निअर ओळीने ठेवायचे. त्या वर्षी मी उठून पाहते तर त्या ओळीत माझं ग्राफिक्स कार्ड आणि रॅमच्या दोन पट्ट्याही मांडलेल्या. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं यथासांग. आबा म्हणाले, "तुजीबी हत्यारंच हायेत की." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आजवर या घरात माझ्या कामाच्या वस्तूंना कुणी हत्यार म्हटलं नव्हतं. मी नमस्कार केला, कार्डाच्या पंख्यावरचं कुंकू कापडाने हळूच टिपलं आणि दुपारी पुरणपोळी आवरून कामाला बसले.

सगळं जागच्या जागी बसलं. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, आणि मॉनिटरवर अक्षरं आली: नो सिग्नल. केबल बदलली, तेच. मॉनिटर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला लावून पाहिला, तर त्यावर मालिका अगदी स्वच्छ दिसली. टेबलाखाली वाकून घाईघाईत सगळं खोलून पुन्हा बसवलं, तरी नो सिग्नल. संध्याकाळी दुकानात फोन केला तर ते म्हणाले, सुट्टी आहे, मंगळवारी आणा. संदीप सोफ्यावरून म्हणाला, "तरी मी सांगत होतो. प्रत्येकाला सगळंच जमतं असं नसतं." तो काही वाईट माणूस नाही, सहज बोलून गेला. पण ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण मीही मनात तेच म्हणत होते. कुठेतरी माझाच हात चुकीचा लागला असणार. मी पुण्याला पाठवायचा मेलसुद्धा लिहून ठेवला, की काही कारणाने मला हे काम करता येणार नाही.

शनिवारी सकाळी आबा येऊन मशीनसमोर उभे राहिले. हात पाठीमागे. बराच वेळ बघून म्हणाले, "आवाज तर करतीय."

"आबा, तो पंख्याचा आवाज आहे."

"मंग पंख्यापातुर ठीक हाय. बिघडायच्या आदी काय बदललं?"

"सगळंच बदललं."

"समदं एका टायमाला? आमच्या सायबानं गेटाभाईर काडलं असतं मला. एकेक मागं घे. पडद्याचं काय म्हननं हाय ते दर खेपंला बघ."

मी ग्राफिक्स कार्ड काढलं आणि केबल मदरबोर्डला लावली. नो सिग्नल. जुना पॉवर सप्लाय परत जोडला. नो सिग्नल. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या, तेवढ्यात मुलगी उठली आणि भूक भूक करायला लागली. आबा म्हणाले, "जा तू, पोह्यांचं बघ. मी बसतो हितं."

मी पोहे घेऊन आले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. चष्मा नाकावर, रॅमची पट्टी मी शिकवलं होतं तशी दोन कडांनी धरलेली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आधी पाहिला नव्हता. त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्या सोनेरी दातांवर वाळलेलं लाल कुंकू होतं, त्याखाली हळद, आणि एका फटीत अक्षतेचा तुकडा. "ही सोन्याची कड दिसली," ते म्हणाले. "म्हनलं, देवाचं त्वांड हिकडंच आसनार. पान्यात कालवलेलं कुकू दोन बोटांनी चांगलं वडलं."

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. आदल्या दुपारपासून मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि कारण हे? मी काहीतरी बोलणारही होते. पण मग माझं लक्ष त्यांच्या मांडीवर गेलं. तिथं मुलीची कंपासपेटी उघडी होती आणि खोडरबर बाहेर काढलेलं होतं. पट्टीचे दात खोडरबराने स्वच्छ होतात हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती, उभा जन्म त्याने असली कनेक्शनं साफ केली होती. मी पोहे परतत होते तेवढ्या वेळात चार वेळा घासलं असतं तर काम झालं असतं. मशीन चालू झालं असतं, आबांनी जादू केली असं मीच कॉलनीत सांगितलं असतं, आणि काय झालं होतं ते कुणाला कधी कळलं नसतं. त्यांनी खोडरबर हातात घेतलं होतं आणि माझी वाट बघत बसले होते.

"संदीप, हिकडं ये," त्यांनी हाक मारली. संदीप तोंडात ब्रश घेऊनच आला. आबांनी त्यालाही पट्टी दाखवली. "काल तू हिला जे बोललास ते परत घे. हिनं बरुबर बसवलं हुतं. मी बिघडवलं."

"असू द्या हो आबा," संदीप फेसाळ तोंडाने म्हणाला.

"असू द्या न्हाई. घे परत."

संदीपने ब्रश बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलो बाई." लग्नाला सात वर्षं झाली होती, हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पट्ट्या आम्ही खोडरबराने घासल्या. मदरबोर्डच्या खाचेतही कुंकू उतरलं होतं. आबा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून सर्किट साफ करायचं औषध बाटलीत घेऊन आले, मऊ ब्रशने मी खाच साफ केली आणि ती वाळेपर्यंत तिघांनी गार झालेले पोहे खाल्ले. मग मी सगळं परत बसवलं, एकेक करून, दर खेपेला पडद्याकडे बघत. शेवटचं बटण दाबायच्या वेळी आबा बाहेर पायरीवर जाऊन बसले. तिथं बसून त्यांना पडदा दिसणार नव्हता. मी आतून ओरडले, "आबा, आलं." बाहेरून उत्तर आलं, "मंग बस कामाला."

दोन दिवस त्यांनी मुलीला सांभाळलं, दारावर आलेल्या प्रत्येक माणसाला परस्पर वाटेला लावलं आणि स्वतःला जमेल तसं भातपिठलं करून घातलं. सोमवारी अकरा वाजता मी फिल्म पाठवली. पुढच्या आठवड्यात काम मिळालं, आणि आज मी त्या कंपनीत चार जणांच्या कामावर देखरेख करते. रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद आहे. कॉम्प्युटर, चित्र येत नाही, कारण: मी. मला पुढे कंसात दोन शब्द लिहायचे होते, पण त्यांनी वही मिटली. "माझ्या कारनात तू शिरू नगं," म्हणाले.

त्यानंतर ही गोष्ट आबांनी गावभर केली. दूधवाल्याला सांगितली, दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगितली. कारखान्यातले जुने सोबती मिळून शनिशिंगणापूरला जायचे, त्यांना तर जीपमध्ये दर वेळी ऐकवली असणार. "आमच्या सूनबाईनं घरी मशीन बांधलीय" इथून सुरुवात व्हायची, आणि कुंकवाचा विषय निघाला की मी लाजेने आत निघून जायचे. एकदा मी म्हटलं, "आबा, पुरे आता. लोक हसतात तुम्हाला." ते म्हणाले, "हसू दे की. हसताना मान्सं नीट आयकत्यात."

दोन वर्षांपूर्वी थंडीत ते गेले. फार त्रास झाला नाही. भेटायला माणसांची रीघ लागली होती, त्यातली निम्मी मी ओळखतही नव्हते. चौथ्या की पाचव्या दिवशी नागापूरहून एक वयस्कर गृहस्थ आले, आबांच्या खात्यातले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो हातात घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले. "मशीन बांधनाऱ्या सूनबाई तुमीच का?"

मी म्हटलं, हो.

"आमाला पाठ झालीय ती गोष्ट. सुनंनं मशीन बांधली, मी कुकू लावून बंद पाडली, आन तिनं बिघाड हुडकून परत चालू केली. असं सांगायचे."

"नाही हो," मी म्हटलं. "बिघाड मी नाही शोधला. त्यांनीच शोधला. पट्टी त्यांच्याच हातात होती."

त्या गृहस्थांनी मान हलवली. "न्हाई बा," ते म्हणाले. "ते कधीच न्हाई सांगितलं त्यांनी."

मी स्वयंपाकघरात गेले आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.