आरोपी नंबर पाच

गेली काही वर्षं मी बारामतीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात पडताळणीचं टेबल सांभाळते. पासपोर्ट असो, सरकारी नोकरी असो की कंपनीचा गेटपास, चारित्र्याचा दाखला लागला की कागद फिरत फिरत माझ्यापुढे येतो. आमच्यातल्या पुष्कळांना हे टेबल नको असतं. चोर पकडला की पेपरात फोटो येतो, पडताळणीचा कुठून येणार? मला मात्र हे काम आवडतं. माणूस कसा आहे हे गावात चार ठिकाणी विचारायचं आणि दोन पानांत खरं तेवढंच लिहायचं. हे मला जमतं, असं मी कुणालाही तोंडावर सांगेन.

या टेबलाची किंमत मला माझ्याच भरतीत कळली होती. आमचं घर इंदापूर तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडत ते पावसाच्या तोंडाला परतत. मी शाळेपुरती आत्याकडे, बाकी त्यांच्याबरोबर. निवड झाल्यावर जो फॉर्म आला त्यात एक रकाना होता, गेल्या पाच वर्षांत कुठं कुठं राहिलात. मी तो कोरा ठेवला. चौकशीला आलेले हवालदार वयस्कर होते. ‘पत्ता निश्चित नाही’ असं लिहून ते मोकळे झाले असते तर त्यांना कुणी काही विचारलं नसतं. पण ते बाजेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, “आबा, तुम्ही एकेक गाव सांगा, मी लिहितो.” वडिलांनी डोळे मिटून मुक्कामाच्या तळांची नावं सांगितली, पाण्याच्या हिशोबानं, एकापुढे एक. रकाना पुरला नाही म्हणून हवालदारांनी जोडपत्र लावलं. महिन्याभरात मला ट्रेनिंगचा आदेश आला.

पिंपळीच्या एका मुलीची गोष्ट मागच्या भरतीतली. एका सकाळी ती वडिलांबरोबर माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, काटक, केस मागे घट्ट बांधलेले. ऊस पिकवणाऱ्या घरातली मोठी मुलगी. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं होतं. पुढच्या आठवड्यात साक्षांकन फॉर्म, म्हणजे स्वतःची माहिती खरी म्हणून सहीनिशी द्यायचा कागद, भरून द्यायचा होता. वडील खुर्चीच्या कडेला टेकले आणि आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, एक बघून सांगा. ह्या पोरीचं नाव तुमच्या कॉम्प्युटरला दिसतंय का?”

मी नाव टाकलं. दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी बांधावरून मारामारी झाली होती. फिर्याद शेजारच्या शेतकऱ्याची. आरोपी पाच जण: वडील, आई, चुलता, भाऊ आणि नंबर पाच ही मुलगी.

“दिसतंय,” मी म्हणाले.

वडिलांचा चेहरा उतरला. “पण तडजोड झाली की. कोर्टानं समद्यांला सोडलंय. फॉर्म भरून देणारा म्हणला, सुटल्यावर केस न्हाई असंच धरायचं. ‘नाही’ लिवा, कोण बघतंय.”

मुलगी पहिल्यांदा बोलली. “मॅडम, मी त्या दिवशी तिथं नव्हतेच.”

“कुठं होतीस?”

“लोणी देवकरला. कंपनीत कामाला होते, इंदापूरला मावशीकडं राहून. भरतीच्या क्लासची फी जमवायची होती. पहिल्या पाळीला होते. घरचा फोन आला तेव्हा कळलं.”

“मग तेव्हा सांगितलं नाहीस?”

“वकील म्हणाले, तडजोड चाललीय, आता कशाला फाटे फोडायचे.”

फॉर्म तिच्या हातातच होता. त्यातला प्रश्न सरळ होता, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय. सुटलात की नाही हे त्याच्या पुढचं. मी दोघांना सांगितलं, “इथं ‘होय’ लिहा. निकालाची नक्कल काढा, ती जोडा. गुन्हा असलेले लोक नोकरीला लागलेत. गुन्हा लपवलेले लागले तरी टिकत नाहीत. दहा वर्षांनी निघालं तरी घरी पाठवतात.”

“आणि ‘होय’ लिवल्यावर घेतलं न्हाय तर?” वडील म्हणाले. “तीन वरसं पळतीय ती. एका शबदापायी घालवायची का?”

घेतीलच असं मी म्हणू शकत नव्हते. निर्णय घेणारी समिती वेगळी, मी नुसती अहवाल लिहिणार. तसं मी सांगितलं. मुलीनं टेबलावरचं माझं पेन उचललं आणि उभ्या उभ्या ‘होय’ लिहिलं. वडील उठून बाहेर व्हरांड्यात गेले. तिनं पेन टोपण लावून परत ठेवलं, आभार वगैरे काही मानले नाहीत.

ती दोघं गेल्यावर मी जरा अस्वस्थ झाले हे कबूल करते. सल्ला बरोबर होता यात शंका नव्हती. पण बरोबर सल्ल्यानंही माणसाचं नुकसान होऊ शकतं, आणि तिच्या वडिलांनी ते मला कधी माफ केलं नसतं.

काही आठवड्यांनी फाईल वरून खाली आली. शेरा होता: गुन्हा दाखल, सविस्तर अहवाल सादर करावा. मी गाडीला किक मारली ती आधी लोणी देवकरला. कंपनीतल्या माणसानं सुरुवातीला टोलवाटोलवी केली. एवढा जुना डेटा नसतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत, मेल पाठवा. मी म्हटलं, “मेल पाठवते, पण इथं बसून पाठवते.” दोन तास बसले. शेवटी तिथल्या एका मुलीनं हजेरीचा कागद छापून दिला, त्यावर मी सही-शिक्काही घेतला. भांडणाच्या दिवशी पिंपळीची मुलगी सकाळी सातच्या आत गेटमधून आत गेली होती आणि दुपारी तीननंतर बाहेर पडली होती. फिर्यादीतली वेळ सकाळी दहाची.

एवढ्यावर अहवाल झाला असता. पण पडताळणीत शेजाऱ्यांचे जबाब लागतात, आणि तिच्या शेताला लागून शेत एकाचंच होतं. ज्यांनी फिर्याद दिली होती त्या तात्यांचं.

तात्या गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. खाकी बघून त्यांनी पेंढी खाली ठेवली. “आता काय काढलं त्यांनी?”

“कुणी काही काढलं नाही, तात्या. तुमच्या शेजारची पोरगी पोलिसात निवडली गेलीय. ती कशी आहे, एवढंच विचारायला आलेय.”

त्यांनी पेंढी उचलून म्हशीपुढे टाकली आणि हात झटकले. त्यांच्या कारभारणीनं चहा आणला. मी कंपनीचा कागद त्यांच्यापुढे धरला, वेळा वाचून दाखवल्या. तात्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. चहा देऊन ओट्यावर टेकलेल्या कारभारणीच बोलल्या, “ती नव्हतीच तितं. मी तवाच म्हणलं व्हतं, पोरीचं नाव घालू नका.”

“तू गप,” तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “माझं डोकं फुटलं व्हतं, मॅडम. सात टाके. घरात कोण कोण हाय म्हणल्यावर मी समदी नावं सांगितली. रागात माणूस मोजून सांगतंय व्हय?” जरा थांबून म्हणाले, “आता मी तसं म्हणलं तर माझ्यावर उलटंल का?”

इथं मला गोड बोलून सही घेता आली असती. मी ते केलं नाही. “केस संपलीय, मी ती उकरायला आले नाही. पण तुमचा जबाब फाईलला लागणार, वरचे साहेब वाचणार. पुढं कोण काय करेल याचा शब्द मी देऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी ‘माहिती दिली नाही’ एवढंच लिहीन.”

तात्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला.

“लिवा,” ते म्हणाले. “ती भांडणात नव्हती. तिचं नाव मी रागानं सांगितलं.”

मी लिहून वाचून दाखवलं. सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला. “अजून एक लिवा. ती रोज सकाळी माझ्या बांधाकडनं पळायची. भांडान झाल्यावर ती इंदापूरवरनं परत आली, तवा मी वाटंवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. दुसरी असती तर फेकून दिल्या असत्या, न्हायतर श्या दिल्या असत्या. हिनं एकबी फांदी हालवली न्हाय. कालव्याकडनं वळसा घालून पळायला लागली. निम्मा कोस वाढला आसंल. हे लिवा.”

असं वाक्य अहवालात बसत नाही. ‘वर्तणूक चांगली’ असा ठरलेला शब्द आहे. तरी मी ते त्यांच्या बोलण्यात होतं तसं लिहिलं, आणि तात्यांनी सावकाश, अक्षर न् अक्षर जोडत सही केली.

ठाण्यात साहेबांनी अहवाल वाचला. बाभळीपाशी थांबले. “हे कशाला?”

“साहेब, तिच्या वागणुकीबद्दल यापेक्षा चांगला पुरावा मला मिळाला नाही. आणि देणारा तिचा फिर्यादी आहे.”

त्यांनी पुन्हा वाचलं, सही केली आणि फाईल वर गेली.

पुढे मोठी शांतता. या काळात तिचे वडील दोनदा येऊन गेले. काही विचारायचे नाहीत, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. तिसऱ्यांदा आले ते मुलीला घेऊन. तिच्या हातात नियुक्तीचा आदेश होता. समितीनं गुन्हा विचारात घेऊन ती पात्र असल्याचं लिहिलं होतं. वडिलांनी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला. मी एक घेतला आणि पुडा सगळ्या ठाण्यात फिरवायला दिला. वडील म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी मी तुमाला मनात लई वाईट बोललो.” मी म्हटलं, “ऐकू आलं होतं.” त्यावर ते पहिल्यांदा हसले.

मी त्यांना तात्यांचा जबाब दाखवला नाही. तो दाखवायचा नसतो. पण गावात गोष्टी लपून राहत नाहीत. तात्यांच्या घरातूनच ही गोष्ट बाहेर पडली असावी. दोन्ही घरांची बोलाचाली मात्र अजून नाही. बांधाच्या मोजणीचा अर्ज तसाच पडून आहे, आणि मोजणी झाली की कुणीतरी एक नाराज होणारच.

मुलगी ट्रेनिंगला गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ओरडून ओरडून घसा पार बसला होता. म्हणाली, परेडमध्ये डावा-उजवा चुकतो म्हणून कवायत घेणारे उस्ताद रोज पळवतात, पण पळायला लावतात ती शिक्षा आहे हे तिच्या दोन दिवस लक्षातच आलं नव्हतं.