प्रयोगाच्या ज्वारीचा हुरडा

हुरड्याचा वास आला की मला आमच्या कृषी महाविद्यालयातला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आठवतो. आयोजक मीच होते. सत्काराचे फेटे बांधलेले चौघे जेवणाआधी प्रयोगाच्या ज्वारीत शिरले, कणसं मोडली आणि त्यांवरच्या कागदी पिशव्या जाळून आगटी पेटवली. बियाणं शुद्ध राहावं, दुसऱ्या ताटाचे पराग बसू नयेत म्हणून त्या पिशव्या बांधतात, हे ते इथंच शिकले होते. पारनेरची एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे धावत आली. "सर, हे माझ्या संशोधनाचं बियाणं होतं! माझं वर्ष गेलं." "अगं पोरी, आमीबी इथलेच हाय. खा की!" म्हणत एकानं तिच्या हातावर गरम दाणे ठेवले. बाकीचे खिदळले. मी चौघांना उपाशीच फाटकाबाहेर काढलं. आता निमंत्रणपत्रिकेवर मी ठळक छापते, 'पिकाला हात लावू नये.' शेतीच्या पदवीधरांना हे छापून सांगावं लागतं.